यंदाची रजा

"श्याम, आधी अण्णांना फोन कर. मग तिकिटं," मालविका म्हणाली.

लॅपटॉपवर मेलबर्नची तीन तिकिटं खोळंबली होती. तिथून पुढे बेटावर जायचं. दिवस मावळला की समुद्रातून दीड वीत उंचीचे पेंग्विन घोळक्याने किनाऱ्यावर येतात आणि दुडुदुडु आपापल्या बिळाकडे निघतात. फोटो काढायचे नाहीत, आवाज करायचा नाही, नुसतं बसून पाहायचं. दहा वर्षांच्या ईराला हे सगळं तोंडपाठ होतं. जुलैत तिकडे थंडी, म्हणून कतारमधल्या अल खोरच्या पंचेचाळीस डिग्रीत तिने जाडजूड जॅकेट घ्यायला लावलं होतं. एसी सोळावर ठेवून ती ते घालून घरभर हिंडत होती.

अडचण एकच होती. रास लाफानच्या गॅस प्लांटमध्ये लागल्यापासून श्यामची वर्षाची रजा नाशिकची, वडिलांच्या घरची. अकरा वर्षांत ती कधी चुकली नव्हती. आई गेल्यावर तर अण्णा त्या घरात एकटेच. मे लागला की त्यांचं सुरू व्हायचं, तारीख नक्की कळव, म्हणजे मला बरं. त्यांना सोडून फिरायला जातोय असं सांगायची श्यामची छाती होईना. शेवटी प्लांट दुरुस्तीसाठी बंद ठेवतात, त्या शटडाऊनच्या नावावर बिल फाडायचं ठरलं.

फोन लागला. यंदा प्लांटचं शटडाऊन आहे, रजा नामंजूर झाली, असं श्यामने एका दमात सांगून टाकलं. अण्णा म्हणाले, नोकरी आधी, माझी काळजी करू नकोस, मी घरी अगदी मजेत आहे. ईराची उंची किती झाली, एवढं त्यांनी विचारून घेतलं. श्यामला स्वतःची शरम वाटली. सुटल्यासारखंही वाटलं, आणि त्याचाच त्याला जास्त राग आला.

फोन बंद करायचं अण्णांच्या कधी लक्षात राहायचं नाही. दर वेळी श्यामच इकडून बंद करायचा. आज ईरा त्याच्या कानाशी लागली, "बाबा, डिड ही से ओके?" आणि ते राहूनच गेलं. फोन स्पीकरवर होता.

"नीताताई, वहीतली माझी जुलैची रजा खोडून टाका," अण्णा तिकडे कुणाला तरी सांगत होते.

"का हो अण्णा?" एका बाईचा आवाज आला. "वृद्धाश्रमात येऊन चार वर्षं झाली तुम्हाला. मुलगा यायचा म्हणून घर उघडायला गेला नाहीत, असा एकही जुलै गेला नाही."

मालविकाने लॅपटॉप मिटला.

"त्याला यंदा रजा मिळाली नाही," अण्णा म्हणाले. "मग मी तरी घेऊन काय करू?"