कन्हानची नवरी

नंबर जुळत नव्हता. देवरावांनी लेन्स खिडकीच्या उजेडात धरली, फोटो सुधारायचं, रिटचिंगचं भिंग उजव्या डोळ्याला लावलं, डावा मिटला आणि काचेभोवतीच्या कड्यावर कोरलेला आकडा तिसऱ्यांदा वाचला. शेवटी आठ. वहीत मात्र, लेन्स घेतली त्याच दिवशी त्यांनी ठसठशीत अक्षरात लिहून ठेवलं होतं, शेवटी तीन. म्हणजे संशय खरा निघाला. मेहुण्याने लेन्स बदलली होती.

महाल भागातल्या त्यांच्या स्टुडिओची सारी अब्रू या एका लेन्सवर उभी होती. एकशे पस्तीस मिलिमीटरची, लांबचं जवळ आणणारी, जपानी, बहात्तर साली मुंबईहून आणलेली. घोळक्याला पस्तीसची, पंगतीला पन्नासची, पण नवरीला फक्त एकशे पस्तीसचीच, हा देवरावांचा कायदा. जवळून काढलं की नाक फुगतं आणि पोरगी बुजते. त्यापेक्षा दहा-बारा हात लांब उभं राहावं, तिला पत्ता लागू देऊ नये आणि फोकस नेमका डोळ्यांवर धरावा. लेन्स मात्र भारी नाठाळ. केसभर चुकलं की डोळे पुसट आणि कानातले डूल स्पष्ट. देवरावांचं कधी चुकत नसे. आणि आता गेल्या दोन्ही लग्नांतल्या नवऱ्या धुक्यात उभ्या केल्यासारख्या आल्या होत्या. उमरेडच्या पार्टीने अल्बम चाळला आणि काही न बोलता पिशवीत घातला. भांडले असते तर परवडलं असतं.

मार्तंड हा बायकोचा धाकटा भाऊ. अठरा वर्षं डार्करूम त्याच्याच ताब्यात. माणूस अबोल, कामाला वाघ. पण वर्षभरापासून त्याला एक नवीन खोड लागली होती. लग्नात तो देवरावांच्या अगदी पाठीशी येऊन उभा राहायचा, गळ्यात स्वतःचा जुना कॅमेरा, त्याला पन्नासची, जास्त पसारा घेणारी लेन्स. ते सरकले की हाही सरकायचा. गिऱ्हाइकं फोडायची तयारी, देवरावांनी ओळखलं. मग कुणीतरी येऊन सांगितलं की तो लकडगंजात एका नव्या स्टुडिओच्या जिन्यापाशी दोनदा दिसला. झालं. पुढच्या दोन्ही लग्नांत देवरावांनी त्याला पंगतीकडे पिटाळलं, जिलेबीचे फोटो काढ म्हणाले. नेमके तेव्हापासूनच फोटो बिघडले. सूड उगवला, दुसरं काय. रागापेक्षा त्यांना वाईटच जास्त वाटत होतं. या माणसाचं लग्न त्यांनी स्वतः उभं राहून लावून दिलं होतं.

मार्तंड डार्करूममधून ओले हात पुसत बाहेर आला. मागच्या घरातून पार्वतीबाई चहा घेऊन आल्या होत्या.

"माही लेन्स कुठं हाय, मार्तंड?"

"तुमच्या हातात हाय, भाऊजी."

"हे माही नाही. नंबर वेगळा हाय. कोणाले देली? लकडगंजवाल्याले?"

"काय बोलून राहिले तुम्ही?" पार्वतीबाई म्हणाल्या.

देवरावांनी भिंतीकडे बोट केलं. तिथे कन्हानच्या नवरीचा मोठा फोटो फ्रेम करून लावलेला होता. तीन महिन्यांपूर्वीचा, स्टुडिओची शान. पापणी न् पापणी मोजून घ्यावी असा. दोनच उणिवा होत्या. लहान तुकडा ताणून मोठा केल्यासारखा फोटोचा दाणा जरा जाड आला होता, त्याबद्दल मार्तंडने बोलणी खाल्ली होती. आणि खालच्या कोपऱ्यात कुणाचा तरी काळा, पुसट खांदा घुसला होता, त्याबद्दल देवराव कन्हानच्या समस्त वऱ्हाडाला अजून शिव्या घालत.

"हे काढली तवा लेन्स माही होती. मंग तू बदलवली. नाही तं लकडगंजात काहून जाऊन राहिला होता?"

मार्तंडने आधी बहिणीकडे पाहिलं. मग म्हणाला, "त्या स्टुडिओच्या वरच्या माळ्यावर डोळ्याचा डॉक्टर बसते. त्याले विचाराले गेलो होतो."

"तुह्या डोळ्याले काय झालं?"

"माह्या नाही." त्याने भिंगाकडे बोट केलं. "भाऊजी, भिंग डाव्या डोळ्याले लावा. अन् उजवा मिटा."

तीस वर्षं देवरावांनी डावा डोळा मिटला होता. उजवा मिटायला त्यांना बोटाने धरावा लागला. त्यांनी लेन्स पुन्हा उजेडात धरली. शेवटी तीन. भिंग उजव्याला लावलं. आठ. परत डाव्याला. तीन, चांगला टाकाने काढल्यासारखा स्वच्छ.

देवराव स्टुलावर बसले. चहा निवत होता. मार्तंडच्या तोंडाकडे बघायची त्यांना लाज वाटली, म्हणून त्यांनी भिंतीकडे पाहिलं आणि त्यांना आधार सापडला.

"आता आता बिघडला असंल डोळा," ते म्हणाले. "तीन महिन्यांआधी तं ठीक होता. हे पोरगी मीच काढली ना गा? एकशे पस्तीसनं?"

मार्तंड खाली मान घालून कोरडे झालेले हात पुन्हा पुसू लागला.

पार्वतीबाई रोज सकाळी त्या फोटोवरची धूळ पुसत. त्या फ्रेमजवळ गेल्या आणि त्यांनी कोपऱ्यातल्या त्या काळ्या खांद्यावरच्या फिकट चौकोनावर बोट ठेवलं.

"हे ठिगळ म्या शिवलेलं हाय, तुमच्या कोटाचं," त्या म्हणाल्या. "फोटो तुम्ही काढला असता, तं तुमचाच खांदा त्याच्यात कसा आला असता?"