सवतीचा टाक

“जायफळ जरा कमी पडलं,” बशीत कॉफी ओतत हरिहरराव म्हणाले. “तिची कॉफी अंगणातून ओळखू यायची.”

नीलाने पाठ फिरवली, गळ्यातला टाक वर ओढला आणि दातांत धरला.

टाक म्हणजे चांदीचा एवढासा पत्रा, त्यावर ठोकून उठवलेली एक बाई. बाईला नाक होतं, डोळे होते. ओळख पटावी असं काही नव्हतं. बिजवराच्या नव्या बायकोने मेलेल्या सवतीला असं गळ्यात बाळगायचं, नवं पातळ आधी तिला दाखवायचं, मग आपण नेसायचं; म्हणजे सवत कोपत नाही. जिवंत बायको कोपली तर काय, याची तजवीज कोणी केलेली नव्हती. नीला कोपली की टाक चावायची. त्याच्या कडेला दोन खोल खुणा होत्या. त्या खुणा, तो लग्नात तिच्या गळ्यात पडला तेव्हापासूनच होत्या.

“सोनाराच्या हातून पडला असेल,” हरिहरराव म्हणाले होते. ते कल्याणच्या कचेरीत हेडक्लार्क होते आणि कुठलीही चौकशी एका वाक्यात निकालात काढत.

“मुलगा बिजवर आहे” एवढंच नीलाच्या मामाने सांगितलं होतं. मुलाने हुंडा मागितला नव्हता, म्हणून मामाने पुढचं काही विचारलं नव्हतं. सरोज हे नावसुद्धा नीलाला डोंबिवलीच्या शेजारणींकडून कळलं. हरिहरराव बायकोचं नाव घेत नसत. हयात असो वा नसो, “ती” म्हणत.

तिला रविवारी जायफळाची कॉफी लागे. जेवणानंतर झोपाळ्यावर बसून कात कमी घातलेला विडा लागे. वैशाखात गुलाबपाण्यात टाकलेले ताडगोळे लागत. हे सगळं आता तिच्या आठवणीसाठी होई. करायचं नीलाने, खायचं हरिहररावांनी. खाताना त्यांचे डोळे भरून येत, आणि भरल्या डोळ्यांनी ते आणखी एक मागत.

ताडगोळे खाडीकडची आवडाबाई आणायची. ती पाटी उतरवून ओटीवर टेकायची आणि नीलाचं सोलणं बघत बसायची. साल चिवट, नखं दुखायची.

“आधीची बाय बी अशीच दात खात सोलायची गो,” एकदा ती म्हणाली.

“सोलू दे नाहीतर गिळू दे, मला काय करायचंय?” नीला म्हणाली.

आवडाबाई हसली. “तू बी तिच्यासारखीच बोलतेस, बाय!”

त्या दिवशी नीलाने टाक इतका चावला की हिरडी दुखली.

लग्नाला दोन वर्षं झाली त्या संध्याकाळी हरिहरराव कागदात गुंडाळलेलं पातळ घेऊन आले. नीलाचा जीव हरखला. घडी मोडली. मोरपंखी.

“अहो, इतका छान रंग तुम्ही निवडलात?”

“तिचा आवडता,” हरिहरराव म्हणाले. “आधी टाकाला लाव हं, विसरशील.”

नीला विसरली नाही. टाकाला लावलं, घडी केली, ट्रंकेच्या तळाशी घातलं. तेव्हाच तिने ठरवलं की हा टाक ज्यांचा त्यांना नेऊन द्यायचा. मग सवत कोपली तरी समोरासमोर कोपेल.

सरोजचं माहेर ठाण्याला होतं, तलावामागे. खरं तर सवतीचं माहेर तेच नव्या बायकोचं माहेर. पण हरिहररावांनी तिला तिकडे कधी जाऊ दिलं नव्हतं. “म्हातारीची जखम उघडी कशाला करायची?” म्हणायचे. दुसऱ्या दिवशी ते कचेरीला गेल्यावर नीलाने सोललेले ताडगोळे डब्यात भरले आणि दुपारच्या गाडीने ठाणं गाठलं.

सरोजची आई, लक्ष्मीबाई, दारातच उभी होती. नीलाने नाव सांगून वाकून नमस्कार केला. म्हातारीने तिची हनुवटी धरून चेहरा वर केला, बराच वेळ पाहिला.

“वाळलीस गं. ये, माहेरच आहे तुझं.”

नीलाला हे अपेक्षित नव्हतं. ती भांडायच्या तयारीने आली होती. तिने डबा पुढे केला.

“सरोजताईंना आवडायचे म्हणून आणलेत.”

“ताडगोळे?” लक्ष्मीबाईंनी झाकण उघडलं आणि लगेच लावलं. “सरोजला? शिसारी होती तिला या बुळबुळीत प्रकाराची.”

“आणि जायफळाची कॉफी?”

“वासानेच डोकं चढायचं तिचं.”

“झोपाळा? विडा?”

“झोपाळ्यावर तिला घेरी यायची, बाळ. कोणी सांगितलं तुला हे?”

दोन वर्षांत पहिल्यांदा नीलाला हलकं वाटलं. म्हणजे चोचले सगळे ह्यांचेच, आणि बिल मेलेल्या बाईच्या नावावर! दोन वर्षं आपण जळलो, ती तर आपल्यासारखीच ताडगोळ्यांना कंटाळलेली. सवतीबद्दल तिला माया वाटू लागली. टाक परत करायची आता गरजही नव्हती. पण आलोच आहोत तर मानाने द्यावा, म्हणून तिने तो गळ्यातून काढला आणि म्हातारीच्या तळहातावर ठेवला.

“तुमची मुलगी तुमच्याजवळ असू दे, आई.”

लक्ष्मीबाई टाक घेऊन खिडकीशी गेल्या. उजेडात धरून त्यांनी त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. खुणांपाशी अंगठा थांबला.

“ही माझी मुलगी कुठली गं?” त्या म्हणाल्या. “तिच्याही गळ्यात हाच होता. हे दात तिचे.”