मयतीची नजर

गोंदिया वेगळा झाल्यावर उरलेल्या भंडारा जिल्ह्यात चोरून येणारे कालप्रवासी पकडणं हे गुप्तचरप्रमुख रामटेकेंचं काम. भविष्यातून आलेला माणूस वेश बदलतो, बोली शिकतो; पण ज्याचं मरण जवळ आलंय, त्याच्याकडे मयतीला आल्यासारखा पाहतो. ही खूण कधी चुकली नव्हती. आज मोहाडीच्या बाजारात शिंगाडे विकणारी बाई रामटेकेंच्या दिशेनं तसंच पाहत होती, आणि त्यांच्या कडेवर त्यांची लेक होती. त्यांनी बाईचा हात धरला. “माह्या पोरीले काय होणार हाये? सांग!” “पुढचं सांगणाऱ्याले तुमीच तं जेलमधे टाकता, साहेब.” “नाही टाकत. पाया पडतो, बाई. एकुलती एक हाये.” भर बाजारात ते खरंच खाली वाकले. बाई कळवळली. “पोरीले काई नाई होत. चांगली म्हातारी होते. मी तुमच्याकडं पाहून राहिली होती, साहेब.” रामटेकेंचा जीव भांड्यात पडला.