अडीच सेकंदांचा सेकंद

एका सेकंदाला अडीच सेकंद लागत होते. तिने एक सेकंदावर लावलेला कॅमेरा कानाशी धरून पुन्हा खटका दाबला. आतली दातेरी चाकं घर्र करत निघाली, मध्येच रेंगाळली आणि जिना चढणाऱ्या दमेकऱ्यासारखी कशीबशी पोचली. स्टॉपवॉचवर आकडा तोच.

"म्हणजे बिघडलेला आहे," कारखान्याचे साहेब म्हणाले. घरात लग्न ठरल्यासारखा चेहरा खुलला होता.

"खालचे वेग मंदावलेत. वंगण वाळून डिंक झालंय."

"तेवढंच लिहा."

फिल्मचे जुने कॅमेरे उघडणारी शहरात ती एकटीच उरली होती, म्हणून चौकशी समितीने तिचा लेखी अहवाल मागवला होता. कॅमेरा बॉयलरवाल्याचा. बॉयलर फुटला तेव्हा तो जागेवरच गेला. मेलेला माणूस उलटून बोलत नाही, तेव्हा सगळं खापर त्याच्याच डोक्यावर. ड्यूटीवर झोपला होता म्हणे. दाब वाढल्याचं कोणाला सांगितलं नाही म्हणे. पण स्फोटाच्या दोन दिवस आधी त्याने प्रेशर गेजचा फोटो काढून ठेवला होता. काटा लाल रेषेच्या चांगला पुढे. कारखान्याचं म्हणणं, कॅमेराच मंद, त्यात काटा हलून फराटा उमटला, म्हणून तो पुढे दिसतो. उद्या अकराला सुनावणी.

साहेबांच्या शेजारी तिचा धाकटा भाऊ बसला होता. त्याच कारखान्यात कामाला. सोबत म्हणून आलो, म्हणाला. कोणाची सोबत, ते तिने विचारलं नाही.

तिने वेगाची चकती फिरवून अडीचशेवर, म्हणजे सेकंदाच्या अडीचशेव्या भागावर आणली. कॅमेरा दिवा आणि तपासणीचं यंत्र यांच्या मधोमध ठेवला आणि खटका दाबला. सेकंदाचा दोनशेचाळिसावा भाग. दहा वेळा दाबला, दहाही वेळा त्याच आसपास. एवढ्या जुन्या कॅमेऱ्याला हे उत्तमच. मंद चाकांची ती माळ फक्त खालच्या वेगांना लागते, वरच्या वेगांना तिचा हातही लागत नाही.

मग तिने भिंग घेऊन फोटो पाहिला. भर उन्हात काढलेला. गेजवरचा आकडा न् आकडा वाचता येत होता. खालच्या गळक्या जोडातून पाणी ठिबकत होतं आणि पडता पडता थेंब हवेत थांबले होते. सुटे, गोल. शटर मंद असतं तर थेंबांच्या रेघा झाल्या असत्या.

तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला आणि ते बाहेर गेले. भाऊ पुढे सरकला. क्वार्टरचं बोलला, पोरींच्या शाळेचं बोलला, साहेब मनावर घेतात तेव्हा काय करतात त्याचंही बोलला. मग तेलाच्या बाटलीकडे बघून अगदी हळू म्हणाला, "ताई, एक थेंब टाक. कोणाला कळणार आहे?"

तो याच दुकानात रांगला होता. आत तेलाचा एक थेंब गेला की सकाळपर्यंत शटरच्या पात्यांवर पसरतो, पाती चिकटतात आणि वरपासून खालपर्यंत सगळे वेग झोपतात, हे बाबांनी त्याला अक्षरओळखीच्या आधी शिकवलं होतं. गिऱ्हाइकाने घरी तेल सोडलेला कॅमेरा आला की बाबा दिवसभर शिव्या घालत.

तिने बाटलीचं झाकण काढलं. शटर उघडून कॅमेरा त्याच्यासमोर ठेवला आणि बाटली त्याच्या हातात दिली.

"तू टाक. कुठे टाकायचा ते तुला माहीत आहे."

त्याने बाटली धरली. बराच वेळ धरली. मग टेबलावर ठेवून दिली. तिने शटर बंद केलं.

साहेब आत आले तोवर तिच्या तीन ओळी लिहून झाल्या होत्या. खालचे वेग मंद आहेत. वरचे वेग बरोबर आहेत. हा फोटो वरच्या वेगाने काढलेला आहे, थेंब पाहा. खाली सही, शिक्का.

साहेबांनी वाचलं. ते चिडले नाहीत, उलट हसले. "बाई, पहिली ओळ खोटी आहे का?"

"नाही."

"मग तेवढीच राहू द्या. आम्ही खोटं कुठे लिहायला सांगतोय?"

"खरी आहे, म्हणूनच तिला तुमच्याबरोबर एकटी पाठवत नाही."

साहेबांचं हसू ओठांवरच वाळलं. गेजचा हा फोटो बॉयलरवाल्याने स्फोटाआधी साहेबांच्याच टेबलावर नेऊन ठेवला होता, असं त्याची बायको समितीला सांगून आली होती. आता साहेबांनी कॅमेऱ्याचा विषय सोडला. कारखान्यात माणसं जास्त झालीत म्हणाले. काहींना घरी बसवावं लागेल म्हणाले. हे सगळं भावाकडे न बघता.

"बाई, उद्यापासून तुमच्या भावाला येऊ नको म्हणून सांगावं लागेल मला."

"उद्या कशाला? तो समोरच बसलाय. सांगा ना."

भावाने मान वर केली आणि पहिल्यांदाच सरळ साहेबांकडे पाहिलं.

"आणि कशासाठी, तेही सांगा," ती म्हणाली. तिने कोरा कागद पुढे ओढला, वर आजची तारीख टाकली आणि पेन टेकवून साहेबांच्या तोंडाकडे बघत राहिली.