गाळलेले सहा तारे

“ते सहा तारे गाळून टाक,” सर म्हणाले, “लेख लगेच स्वीकारतील.”

“नाही गाळणार, सर.”

दोघांच्या मध्ये टेबलावर तिचा नियतकालिकाकडून परत आलेला लेख पडला होता. ती त्यांच्याच हाताखाली शिकलेली, आता त्यांच्याच विभागात संशोधन करणारी. आठ वर्षं ती एका दीर्घिकेच्या मध्याशी डोळे लावून बसली होती. तिथे अवाढव्य कृष्णविवर होतं आणि अगदी त्याच्या उंबऱ्याशी सहा कोवळे तारे. इतक्या जवळ वायूचे ढग फाटून जातात, तिथे तारा जन्मूच शकत नाही. ते बाहेरून भरकटत आले असणार, हा सरांचा सिद्धांत. त्यावर त्यांची सगळी हयात उभी होती. पण भरकटलेले तारे वाटेल तसे फिरले असते. हे सहाही एका माळेत, एकाच दिशेने फिरत होते. ते तिथलेच होते, एकाच घरात जन्मलेल्या भावंडांसारखे.

नियतकालिकाच्या परीक्षकांचं म्हणणं वेगळं होतं. आठ वर्षांत तारे केसभर सरकतात, त्यावरून दिशा ठरत नाही. मोजण्यात चूक झाली असावी.

“मग अजून आठ वर्षं मोजते,” ती म्हणाली.

“तोवर इथली नोकरी टिकेल तुझी?”

“नाही टिकली तर शाळेत गणित शिकवीन. सुट्टीत मोजीन.”

सरांना हसू आलं. “तुझ्यापुढे कृष्णविवरानेही हात टेकले असते!”

मग ते उठले, कपाटाचा खालचा कप्पा उघडला आणि एक जुनी फाइल तिच्यापुढे ठेवली.

आत त्याच दीर्घिकेची छायाचित्रं होती, सव्वीस वर्षांपूर्वीची. सहा ठिपक्यांवर लाल फुल्या. शेजारी सरांचं टपोरं अक्षर: ‘चूक. वगळावे.’

तिने एका फुलीवर बोट ठेवलं. “तुम्हाला... दिसले होते?”

“दिसले होते. सिद्धांतात बसेनात, म्हणून मी गाळले.” सरांनी फाइल तिच्याकडे सरकवली. “आता आठ नाही, सव्वीस वर्षांची हालचाल तुझ्या हातात आहे. लेखात माझं नाव लेखक म्हणून घालू नकोस. फक्त हे तारे कुणी गाळले होते, ते स्पष्ट लिही.”