पिंपातले उंदीर

२०१९ साल. ओमानमधल्या खाबुऱ्याला आमच्या बागेतल्या खताच्या पिंपात उंदीर झाले आणि शेजारच्या साबेराशी माझी जुंपली.

"तुमची घाण माझ्या किचनमध्ये शिरते!" ती भिंतीपलीकडून ओरडायची.

"आधी स्वतःचं किचन धू!" मीही सोडायची नाही.

नवऱ्यांनी एकमेकांशी बोलायचं नाही, अशी दोन्ही घरांत ताकीद होती. फक्त सकाळी पिंजरा गाडीत घालून दोघं उंदीर लांब सोडून यायचे.

पुढे साबेरा राजापूरला परतली, तिचे हुसैनमियाँ कामासाठी ओमानमधल्याच सूरला गेले. गेल्या वर्षी आमचे हे, दयानंद, वारले, तेव्हा हुसैनमियाँ भेटायला आले.


"वहिनी, पिंपात रोज चपात्या दयानंदच टाकायचा. उंदीर संपले असते, तर तुम्ही आम्हाला एकत्र चहा पिऊ दिला असता?"