किमान वजन

शर्यत सुरू व्हायला पाच मिनिटं उरली असताना वेदांगने सीटमागचा नारळ पट्ट्यांसकट उपटून काढला.

"दत्ताराम, हा आईला नेऊन दे. सांग, चटणी कर. कॅमेऱ्यात दिसतोय तो. अख्खी दुबई लाइव्ह बघतेय, ओ माय गॉड!"

अख्खी दुबई म्हणजे त्या क्षणी यूट्यूबवर असलेले एकशे बारा लोक. त्यातले चाळीस नातेवाईक.

"शेठ, ऐका तरी. तो नारळ..."

"खलास!" वेदांगने हेल्मेट चढवलं.

मेकॅनिक दत्ताराम कणकवलीचा. गाडीच्या कामात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, पण शेठपुढे दुसऱ्यांदा तोंड उघडायची त्याची रीत नव्हती. तीन मिनिटांची पाटी झळकली. मेकॅनिकांना ट्रॅकबाहेर हाकललं. तो नारळ काखेत मारून निघाला.

नारळ वेदांगच्या आईचा, सत्यभामाबाईंचा. गेली नऊ वर्षं प्रत्येक शर्यतीच्या सकाळी त्या शारजाहून येऊन गाडीची पूजा करत. चार चाकांखाली चार लिंबं, बॉनेटवर हळदकुंकू आणि सीटमागे लाल कापडातला शेंडीवाला नारळ. दत्ताराम तो असा आवळून बांधायचा की गाडी उलटली तरी नारळ हलू नये. पहिल्या वर्षी तपासनिसाने विचारलं होतं, हे काय? "बॅलास्ट, सर," दत्ताराम म्हणाला. नियमाचं वजन भरायला गाडीत शिशाच्या पट्ट्या ठोकतात, त्यातलाच प्रकार समजून साहेबाने सही केली.

वेदांगची कारकीर्द मोठी झगमगती होती. सोमवार ते शुक्रवार तो दुबई मरीनातल्या ऑफिसात बसून लोकांच्या ठोकलेल्या गाड्यांचे इन्शुरन्स क्लेम नाकारायचा आणि वीकेंडला स्वतःची गाडी ठोकायचा. नऊ मोसमांत चार वेळा उपविजेता. चारही वेळा अर्श नावाचा एकच इसम त्याच्या पुढे. बॉनेटवर खोर फक्कानच्या एका एसी दुरुस्तीवाल्याचं नाव होतं. त्या मालकाने यंदा पाठीवर हात ठेवून गोड आवाजात सांगितलं होतं, "इस साल चॅम्पियन, इन्शाल्ला. नहीं तो हबीबी, दूसरा लड़का देखेंगे." वेदांग एकतीस वर्षांचा. या वयात नारळ मिळालेल्या ड्रायव्हरला पुन्हा गाडी कोणी देत नाही. आज मोसमातली शेवटची शर्यत होती. गुण सारखे. वेदांग आणि अर्श यांच्यात जो पुढे येईल तो चॅम्पियन.

म्हणून यंदा त्याने विज्ञानाची कास धरली होती. वजन कमी, वेग जास्त. दारांचं अस्तर काढलं, डोक्याचा गोटा केला, दोन महिने भात सोडला. सकाळी आईने बेसनाचे लाडू पुढे केले तर म्हणाला, "आई, एक लाडू म्हणजे नव्वद ग्रॅम. डू द मॅथ." गाडीचं ड्रायव्हरसकट किमान वजन नियमाने ठरलेलं. त्याच्यावर एक ग्रॅम नको, अशी दत्तारामला ताकीद होती. सत्यभामाबाई लाडवांचा डबा मांडीवर घेऊन स्टँडमध्ये जाऊन बसल्या. मुलगा वाळलाय, एवढंच त्या शेजारणीला म्हणाल्या.

आणि नारळ उतरवल्यावर गाडी खरंच उडाली. शेवटच्या फेरीत, शेवटच्या वळणावर वेदांगने अर्शला आतल्या बाजूने गाठलं आणि अर्ध्या गाडीने पुढे गेला. नऊ वर्षांत पहिल्यांदा पहिला. तो हेल्मेटमध्ये हमसून हमसून रडला आणि ते कॅमेऱ्यात दिसतंय याची त्याला मुळीच लाज वाटली नाही.

"आई, बघितलंस? सायन्स!" गाडी हळू करत तो स्टँडकडे ओरडला. "नारळ नव्हता म्हणून!"

आईला एक शब्द ऐकू आला नाही. तिने तिथूनच त्याची दृष्ट काढून कानशिलावर बोटं मोडली.

मग गाडी काट्यावर चढली. जिंकलेली गाडी चढतेच. तपासनिसाने आकडा पाहिला. गाडी उतरवली, पुन्हा चढवली, पुन्हा पाहिला.

"वन एटी ग्रॅम्स अंडर," तो म्हणाला. "सॉरी. डिस्क्वालिफाइड."

एकशे ऐंशी ग्रॅम. दोन लाडू.

वेदांग दत्तारामवर धावून गेला. दत्ताराम हलला नाही.

"सकाळी वजन केलेला ता नारळ धरूनच, शेठ. तुमीच म्हणालात, एक ग्रॅम जास्त नको. म्हणान तेवढा शिसा काढलंय. सहाशे ग्रॅमचो नारळ होतो, त्यातले चारशेवर टायरांक चिकटलेल्या रबरान भरून काढल्यान. सांगूक गेलंय, तर तुमी म्हणालात खलास."

वेदांग स्टँडच्या पायऱ्यांवरून धावत सुटला. नऊ वर्षं ज्याची थट्टा केली तो नारळ आता त्याला कोर्टातल्या पुराव्यासारखा हवा होता.

"आई! नारळ कुठाय? दे लवकर, त्यांना दाखवतो. सकाळी गाडीत होता ना, सकाळी!"

"अरे, फोडला!" सत्यभामाबाईंचा चेहरा आनंदाने फुलला होता. वजनाचं त्यांच्या कानावर अजून आलं नव्हतं. "तू जिंकलास ना! प्रसाद वाटला सगळ्यांना. एकालाही सोडलं नाही. दुसऱ्या टीमवाल्यांनासुद्धा दिला."

वेदांग पायरीवरच बसला. तेवढ्यात खालून अर्श आला. त्याला नुकताच निकाल कळला होता. चेहरा कसा ठेवावा ते बिचाऱ्याला सुचत नव्हतं, त्यातून तोंडही भरलेलं होतं. त्याने वेदांगच्या खांद्यावर हात ठेवला, तोंडातला घास गिळला आणि सत्यभामाबाईंपुढे आदबीने वाकला.

"आंटी, नारियल बहुत मीठा है," नवा चॅम्पियन म्हणाला.